चाळीस मिनिटांसाठी महिनाभर वणवण

“ताई, मी सत्तावीस वर्षांची, मूळची मिरजेची, सध्या पुण्यात राहते. दीड वर्षापूर्वी आयटी सपोर्टची नोकरी सोडली आणि स्टँडअप कॉमेडी करायला लागले. पोटासाठी रात्री घरी बसून सबटायटलचं काम करते. आठवड्यातून दोनदा मुंबईला ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून कुणालाही काही मिनिटं मिळतात अशा कार्यक्रमाला, जाते. कुणी बोलावलं की नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, कुठेही जाते. गेल्या महिन्यात अकोल्याला एका कॅफेत शो होता. तीन हजार आणि प्रवासखर्च असं फोनवर ठरलं होतं. नऊ माणसं आली. आयोजकानं पाचशे रुपये पाठवले आणि फोन उचलणं बंद केलं. राहायची सोय म्हणून मित्राच्या फ्लॅटवर नेलं, तिथे आधीच तीन मुलगे होते. मी तिथून निघाले आणि रात्र स्टेशनवर काढली. आईचा फोन आला तर सांगितलं, रूमवर आहे, झोपतेय. सीनियर म्हणतात, आम्ही सगळ्यांनी हे केलंय, कॉमेडियन रस्त्यावरच घडतो. मग मीच कमी पडते का? हल्ली लिहायला बसलं तरी काही सुचत नाही. मुंबईत हिंदीत करते, पण मनातून मराठीत करावंसं वाटतं. किती दिवस सोसायचं?”
– माइकवाली, पुणे

प्रिय माइकवाली,

आधी अकोल्याच्या रात्रीबद्दल बोलते. त्या फ्लॅटमधून निघून तू स्टेशन गाठलंस, ते अगदी योग्य केलंस. तुझ्या पत्राचा सूर असा आहे की तिथे राहण्याइतकी मी खंबीर नव्हते. तसं मुळीच नाही. अनोळखी गावात, रात्री, पैसे बुडवणाऱ्या माणसाच्या भरवशावर राहायचं नाही हे तुला वेळेवर कळलं. फसवलं त्यानं, आणि कमी पडल्यासारखं तुला वाटतंय. ते ओझं आधी खाली ठेव.

आता तुझ्या सीनियरांचं म्हणणं. रस्त्यावरच कॉमेडियन घडतो, यातली अर्धी गोष्ट खरी आहे. अनोळखी माणसांसमोर उभं राहिल्याशिवाय हा धंदा येत नाही. मित्रांच्या घोळक्यात हशा घेणारा विनोद नाशिकच्या तिसऱ्या रांगेतल्या काकांसमोर गळून पडतो, तेव्हाच कळतं की सेटअप, म्हणजे विनोदाची मांडणी, लांबलाय किंवा पंचच्या, म्हणजे हशा आणणाऱ्या वाक्याच्या, आधी आपण स्वतःच हसतोय. पण हे शिक्षण माइकसमोर होतं. एसटीच्या खिडकीत डोकं आपटत केलेल्या प्रवासात होत नाही. हे दोन्ही एकच धरलं की माणूस दमण्यालाच मेहनत समजू लागतो. तुझं तसं झालंय असं मला वाटतं.

तुझेच आकडे तुझ्यासमोर ठेवते. आठवड्याला दोन म्हणजे महिन्याला आठ फेऱ्या. पुण्याहून दुपारी निघायचं, लोकलनं खार किंवा अंधेरी गाठायची, नंबर येईपर्यंत बसायचं, पाच मिनिटं करायची आणि मध्यरात्र उलटल्यावर परत यायचं. एका फेरीत दहा-अकरा तास सहज जातात. महिन्याचे ऐंशीच्या वर तास झाले, पैसे वेगळेच. या सगळ्यात माइक तुझ्या हातात किती वेळ होता? आठ फेऱ्यांची चाळीस मिनिटं. त्यातल्या काही स्पॉट्सना, म्हणजे मंचावरच्या पाळ्यांना, समोर बसलेले बहुतेक सगळे आपापल्या नंबराची वाट पाहणारे कॉमेडियनच असणार, आणि त्यांचं लक्ष तुझ्याकडे नसतं, आपल्या मोबाइलमधल्या पॉइंट्सकडे असतं. एवढं करून लिहायला सुचत नाही म्हणतेस. सुचेल कुठून, झोपच नाही.

सीनियर खोटं बोलत नाहीत. पण ग्रीनरूममध्ये बसून हे सांगायला तेच उरलेत जे टिकले. जे पाठदुखी, कर्ज किंवा एखाद्या वाईट रात्रीनंतर घरी परतले, त्यांची गोष्ट तुला कोण सांगणार? त्यामुळे त्यांचे हाल झाले म्हणून ते घडले, हा निष्कर्ष मी मान्य करत नाही. हाल होऊनही ते घडले, असंही असू शकतं.

मग मुंबईचं काय करायचं? सोडू नकोस, पण एक एक फेरी करणं थांबव. महिन्यातून दोनदा जा आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस राहा. डोंबिवली, ठाणे, अंधेरी, जिथे कुणी मैत्रीण किंवा नातेवाईक असेल तिथे. आधीच व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि गुगल फॉर्मवर नावं टाक, संध्याकाळी दोन किंवा जमले तर तीन स्पॉट लाव. दोन संध्याकाळींत वीस ते तीस मिनिटं होतात. एकच पाच मिनिटांचा सेट एकाच रात्री दोन वेगळ्या ठिकाणी करून पाहिला की कोणतं वाक्य जास्तीचं आहे ते तिथल्या तिथे समजतं. दोन दिवसांनी त्याच सेटवर परत उभी राहिलीस तर ती धार गेलेली असते. आणि जे ओपन माइक पैसे मागतात किंवा “चार प्रेक्षक आण, मग स्पॉट” म्हणतात, ते सध्या सोडून दे. त्यांना तुझा विनोद नको असतो, तुझ्या मैत्रिणींची तिकिटं हवी असतात.

याहून मोठी गोष्ट म्हणजे पुण्यात स्वतःचा ओपन माइक सुरू कर. तुझ्या पत्रातली ही उणीव मला सगळ्यात जास्त खुपली. इतकी गावं पालथी घातलीस, पण ज्या शहरात राहतेस तिथे तुझी हक्काची जागा नाही. मंगळवारी-बुधवारी रिकामा असणारा एखादा कॅफे, एखाद्या वाचनालयाची वरची खोली, एक स्पीकर, एक माइक आणि पंचवीस खुर्च्या पुरतात. सुदर्शन रंगमंच किंवा ज्योत्स्ना भोळे सभागृह वर्षभरानंतरचं बघू. दर आठवड्याला तूच होस्ट कर. होस्टला सुरुवातीची दहा मिनिटं मिळतात आणि प्रत्येक दोन कलाकारांच्या मध्ये एक-दोन मिनिटं. एकाच संध्याकाळी वीस मिनिटं सहज होतात, तीही घरापासून अर्ध्या तासावर. पडलेल्या सेटनंतर थंड झालेली खोली परत वर आणणं होस्टलाच करावं लागतं, आणि ते जिला जमलं तिला पुढे कुठल्याही गावाची भीती वाटत नाही. शिवाय मुंबईच्या, नाशिकच्या मुलांना तू स्पॉट दिलेस की तीही तुला देतील. या धंद्यात अर्धी कामं अशाच देण्याघेण्यातून येतात.

बाहेरगावच्या शोंबद्दल मला कळकळीनं सांगायचंय, कारण मी व्यावसायिक नाटकांच्या दौऱ्यांची व्यवस्था पाहण्यात आयुष्याचा मोठा काळ घालवलाय. आपल्याकडे कलावंतांनी फिरणं काल सुरू झालेलं नाही. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिटीचे लोक तिथे येतात, बसून सुपारी ठरवतात, इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देतात आणि मगच फड त्या गावाला जातो. नाटकात नटाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, ठरलेली असते, पाकीट देणारा माणूस ठरलेला असतो, बस, जेवण, मुक्काम कुणाच्या अंगावर ते आधीच पक्कं असतं. हे नियम बुडवणूक, उपाशी रात्री आणि भांडणं सोसून या लोकांनी बसवलेत. स्टँडअपमध्ये माणूस एकटा फिरतो, सोबत नेपथ्य नाही, कंपनी नाही, व्यवस्थापक नाही. म्हणून प्रत्येक आयोजकाला वाटतं की हिला काय, नुसतं बोलायचं तर आहे. ठामपणा तुला एकटीलाच आणावा लागेल.

फोनवर ठरलं की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठव. उदाहरणार्थ: “आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे, अमुक तारखेला वीस मिनिटांचा सेट. मानधन तीन हजार. जाण्याचं तिकीट आणि निम्मं मानधन तारखेच्या पाच दिवस आधी, उरलेलं मी स्टेजवर जाण्यापूर्वी. मुक्काम लॉजमध्ये स्वतंत्र खोलीत, लॉजचं नाव आधी कळवावं. प्रेक्षक किती आले यावर मानधन बदलणार नाही. मान्य असल्यास ‘हो’ लिहावं.” एवढंच. जो यावर हो लिहीत नाही तो पैसेही देणार नव्हता, हे तुला घरबसल्या आणि फुकटात कळलं असं समज. काही शो हातचे जातील. जाऊ देत. इसार न देणाऱ्याकडे जायचं नाही, हा नियम निदान वर्षभर मोडू नकोस. तिकीटविक्रीत वाटा देतो असं कुणी म्हणालं तर ते फक्त जिथे तुझे स्वतःचे प्रेक्षक आहेत तिथेच स्वीकार, म्हणजे सध्या पुणे आणि कदाचित मिरज-सांगली.

अकोल्याच्या माणसाला एक शेवटचा, शांत मेसेज पाठव: काय ठरलं होतं, किती आलं, किती बाकी आहे, कोणत्या तारखेपर्यंत हवं. नाही दिलं तर कॉमेडियनच्या ग्रुपवर जसं घडलं तसं, एकही विशेषण न लावता लिही. फ्लॅटची गोष्टही लिही. ती वाचून पुढची मुलगी सावध होईल. त्यानंतर त्याच्या मागे वेळ घालवू नकोस.

आता आई. तू तिला काळजीपोटी खोटं सांगतेस, मला समजतं. पण त्या रात्री तू अकोल्यात आहेस हे जगात कुणाला माहीत होतं? ज्याला माहीत होतं तोच फोन उचलत नव्हता. त्या विचारानं मला झोप लागली नाही. प्रत्येक बाहेरगावच्या शोआधी एका माणसाकडे पुढच्या गोष्टी असायलाच हव्यात: गाडीचं नाव, आयोजकाचा नंबर, लॉजचा पत्ता, शो संपायची वेळ आणि लाइव्ह लोकेशन. आई असो, बहीण असो, रूममेट असो. शो झाला की “झाला”, खोलीवर पोचलीस की “पोचले”. रेल्वेत अडचण आली तर १३९, बाकी कुठेही ११२. रात्र काढायची वेळ आलीच तर रेल्वे स्टेशनवरची महिलांची प्रतीक्षालयं एसटी स्टँडपेक्षा बरी. आणि पक्कं तिकीट असेल तर मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूम आधी बुक करता येते, ती लॉजपेक्षा पुष्कळदा स्वस्त आणि सुरक्षित पडते. मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणून प्रवासखर्च कमी मागू नकोस. वाचलेले पैसे चांगल्या लॉजला घाल.

आईला सगळं एकदम सांगायला नको. पण तिला पुण्यातल्या तुझ्या स्वतःच्या शोला बोलाव. मुलगी अंधारात कुठेतरी काहीतरी करते, ही भीती आणि मुलगी माइक घेऊन पंचवीस माणसांना हसवते, हे दृश्य, यांत फार अंतर आहे. तिला विनोद आवडतील असं नाही. पण निदान ती कशाची काळजी करतेय ते तिला कळेल.

एक गोष्ट थोडक्यात. १ जानेवारी २०२१ ला इंदूरच्या एका कॅफेतून स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला धार्मिक भावना दुखावल्याच्या आरोपावरून अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळायला ५ फेब्रुवारी उजाडली. धर्म किंवा राजकारण यावर बोलू नकोस असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू ठरव. पण अनोळखी गावात असा सेट करायचा असेल तर एकटी जाऊ नकोस, आयोजकानं स्थानिक परवानगी घेतलीय का ते लेखी विचार आणि तुझा प्रत्येक सेट पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड कर.

रेकॉर्डिंग तसंही करायलाच हवं. लिहिणं आटण्यावरचा उपाय तिथेच आहे. परतीच्या प्रवासात कानाला लावून ऐक. हशा कुठे आला, कुठे यायला हवा होता आणि आला नाही, कुठे तू घाईनं पुढे गेलीस, ते वहीत लिही. दुसरं म्हणजे तू सतत प्रवासात राहिलीस, त्यामुळे तुझ्याकडे सांगायला प्रवासच उरलाय. मी अनेक नवी मुलं पाहते. वर्षभर फिरली की त्यांचे विनोद लॉजची चादर, ओपन माइकचा होस्ट आणि कॉमेडियनची गरिबी एवढ्यावर येतात. समोरच्या बँकेतल्या बाईंना त्यात काय? तू मिरजेची आहेस. चार दिशांना गाड्या सोडणारं जंक्शन, कर्नाटकातून दवाखान्यासाठी येणारी कुटुंबंच्या कुटुंबं, घराघरांत कन्नड मिसळलेली मराठी, सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवत बसलेले कारागीर, हे सगळं तुझ्याजवळ आहे आणि पुण्या-मुंबईच्या मंचावर ते दुसरं कुणी आणू शकत नाही. आयटी सपोर्टमधली ती माणसं, रात्रपाळीचे ते फोन, यावर तरी तू एक सेट लिहिलास का? महिनाभर प्रवास अर्धा कर आणि त्या वेळात झोप, जेव, लोकांचं बोलणं ऐकत बस. सुचेल.

हे लिहिताना लक्षात आलं की तुझ्या भाषेच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मिरजेची आई, मिरजेचे पेशंट, मिरजेचे टोमणे हिंदीत सांगताना तू किती गाळतेस, ते तुलाच ठाऊक. मराठीत कर. मुंबईच्या क्लबांमधलं वातावरण हिंदी-इंग्रजीचं आहे. २०१० साली लोअर परळच्या पॅलेडियममध्ये कॉमेडी स्टोअर हा स्टँडअपचा क्लब उघडला तेव्हापासून ते तसंच वाढत आलं. तिथला सराव सोडू नकोस, वेग आणि काटछाट तिथे शिकायला मिळते. पण भाडिपासारख्या मराठी ऑनलाइन चॅनेलच्या मंडळींनी मराठी स्टँडअप यूट्यूबवर आणल्यापासून तिकीट काढून मराठी विनोद ऐकायला येणारा तरुण प्रेक्षक आहे. आणि तुझ्या सीनियरांच्या हिशेबात नसलेला आणखी एक मोठा प्रेक्षक आहे: सोसायट्यांचे आणि मंडळांचे गणपती, कोजागिरी, कॉलेजांची गॅदरिंग, २७ फेब्रुवारीला बँका आणि कंपन्यांतले मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम, बंगळुरू-इंदूर-बडोद्याची महाराष्ट्र मंडळं. इथे मानधन ठरलेलं असतं, घरचं जेवण मिळतं आणि बहुधा सेक्रेटरीच्या घरी माणसांत राहता येतं.

हे काम सोपं समजू नकोस. पुढच्या रांगेत लहान मुलं, मागे आजोबा, मध्येच आरतीच्या ताटाची घोषणा, आणि दहा वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो म्हणून तुझी चाळीस मिनिटं ऐन वेळी पंधरा होतात. शिवी नाही, शय्येवरचा विनोद नाही. पुष्कळ कॉमेडियन याला हलकं काम मानतात. माझ्या मते तीन पिढ्यांना एका वेळी हसवणं हे या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या गणपतीसाठी सेक्रेटरी लोक जूनमध्येच कार्यक्रम शोधू लागतात. त्याआधी स्वच्छ वीस मिनिटं आणि तीन मिनिटांचा चांगला व्हिडिओ तयार ठेव.

पैशांचं एक. सबटायटलचं काम चालू ठेव, लाज बाळगू नकोस. जॉनी लिव्हर हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात नोकरी करत करतच स्टेज शो करत होते, आणि शोची कमाई वाढल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली. तू आधी सोडलीस, ठीक आहे. पण स्टेजनं तुझं भाडं भरायला हवं ही अट आज त्याच्यावर घालू नकोस, नाहीतर अकोल्यासारख्या प्रत्येक फोनला हो म्हणावं लागतं. आणि कंपन्यांच्या शोमध्ये टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून तो परत माग. बरीच मुलं तो तसाच सोडून देतात.

किती दिवस सोसायचं, हा तुझा शेवटचा प्रश्न. वाईट राहणं, बुडवलेले पैसे, असुरक्षित रात्री हे आजपासून एकही दिवस नाही. पडलेले सेट, थंड खोल्या, पंचवर आलेली शांतता हे मात्र बराच काळ सोसावं लागेल, ते टाळून कुणी पुढे गेलेलं मी पाहिलं नाही. या दोन गोष्टी तुझ्या मनात एकमेकींत मिसळल्यात, त्या वेगळ्या कर.

आणि एक वर्षभर प्रवासाची नव्हे, दोन गोष्टींची नोंद ठेव. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या लोकांसमोर, त्याच जागी हशा येतो का? आणि ज्यांनी एकदा बोलावलं, ते दुसऱ्यांदा बोलावतात का? दोन्हींची उत्तरं हळूहळू हो कडे जात असतील तर चालू ठेव, पैसे कमी असले तरी. वर्षानंतरही कुणी परत बोलावत नसेल तर पूर्ण वेळ नोकरी धर, पण पुण्यातला तुझा मंगळवार बंद करू नकोस. वर्षभराची ती नोंद मला पाठव. तुझा मराठी सेट ऐकायचाही आहे, तेव्हा मंगळवारची जागा ठरली की पत्ता कळव.